खांद्यावरून कमरेवर

भाच्याच्या लग्नासाठी कोट शिवायला टाकला होता. मापं घेता घेता शिंपी थबकला, टेप दोनदा लावून पाहिली आणि हळूच म्हणाला, ‘‘साहेब, तुमचे दोन खांदे एका रेषेत नाहीत. आतून पॅड घालून सारखे करतो, कोणाला कळणार नाही.’’ ही गोष्ट २०११ सालची. तोवर तेवीस वर्षं मी त्या डाव्या खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग वाहत होतो. घरातल्या कोणाच्या कधी लक्षात आलं नव्हतं, ते शिंप्याला एका मापात दिसलं!

कोटाचं ठीक झालं. पण त्याच सुमारास डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या होत्या. डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे पाहिला आणि सरळ सांगितलं, ‘‘एक तर वजन खांद्यावरून उतरवा, नाही तर धंदा बदला.’’ छायाचित्रकाराला पन्नाशीत धंदा बदला म्हणणं सोपं आहे. आषाढ जवळ आला की माझे पाय आपोआप आळंदीकडे वळतात, त्यांना हे कोण सांगणार?

वजन तरी किती? रोलच्या जमान्यात दोन कॅमेरे, तीन लेन्स, फ्लॅश आणि वीसेक रोल. डिजिटल आलं तेव्हा वाटलं, सुटलो. झालं उलटंच. चांगला कॅमेरा बॅटरीसकट पाऊण-एक किलोचा, असे दोन. लांबची लेन्स दीड किलोची, जवळच्या दोन मिळून पावणेदोन-दोन किलो. वर फ्लॅश, बॅटऱ्या आणि पाण्याची बाटली. बेरीज सात किलोच्या आसपास जाते, म्हणजे सात लिटर पाणी! आता मला सांगा, पाण्याची कळशी खांद्याला लटकवून चालणारी बाई तुम्ही कधी पाहिलीत? कळशी डोक्यावर असते, नाही तर कमरेवर. आम्ही शिकलेली माणसं मात्र मुलांच्या दप्तरापासून शबनम पिशवीपर्यंत सगळं एका खांद्यावर टाकून वाकडे होतो.

खांद्याला लटकलेलं वजन शरीराला एका बाजूला ओढतं. तोल सावरायला पाठीचा कणा दुसऱ्या बाजूला झुकतो आणि तसाच दिवसभर राहतो. कमरेची गोष्ट वेगळी. दोन्ही बाजूंच्या रुंद हाडांवर वजन टेकलं की ते थेट पायांवर जातं, मान आणि खांदे मोकळे राहतात.

आणि प्रश्न केवळ दुखण्याचा नव्हता. २००९ साली चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिंड्या उभ्या, मधून माऊलींचा अश्व दौडत येणार. लेन्स बदलायची म्हणून मी बॅग जमिनीवर ठेवली, चेन उघडली, वाकलो... आणि टापांचा आवाज माझ्या पाठीमागून निघून गेला. मान वर केली तेव्हा लोक धूळ कपाळाला लावत होते. बाकीच्या वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी अश्व होता. माझ्या फोटोत धूळ होती.

कोटाचं निमित्त झालेला भाचा कॅलिफोर्नियात असतो. माझं दुखणं ऐकून त्याने उलटा आहेर केला, एक रुंद, मऊ अस्तराचा पट्टा आणि त्यावर अडकवायचे पाच पाऊच. पत्नीने पाहिलं आणि म्हणाली, ‘‘अहो, ही तर चंची!’’ खरंच की. पान, सुपारी, चुना, कात, प्रत्येकाला वेगळा कप्पा आणि हात न बघता नेमका तिथे जाणार. आजोबांनी कधी चंची जमिनीवर ठेवून चुना शोधला नाही.

कल्पना मुळात सैनिकांची. चामड्याचे पट्टे लढाईत कुचकामी ठरल्यावर ब्रिटिशांनी १९०८ साली जाड सुती पट्ट्यांचा संच काढला. काडतुसं, पाणी, संगीन असं सारं कमरपट्ट्याला जोडलेलं, आणि खांद्यावरचे पट्टे आधाराला. वृत्तछायाचित्रकारांपैकी जिम डॉमकी या फिलाडेल्फियाच्या गृहस्थाने १९७०च्या दशकात स्वतःच्या सोयीची कॅनव्हासची बॅग बनवली, ती जगभर गाजली. पण तीही खांद्यावरचीच. पुढे २००५ साली कॅलिफोर्नियात दोन डिझायनर आणि दोन वृत्तछायाचित्रकारांनी ‘थिंक टँक’ नावाची कंपनी काढली. पट्टा आणि सुट्या पाऊचांचा हा प्रकार त्यांच्या सुरुवातीच्या मालापैकी.

पट्टा बांधायलाही शिकावं लागतं. माझ्यासारखे पोटवाले तो पोटावर आवळतात आणि श्वास कोंडतो. तो खाली, हाडांवर बसायला हवा. जड लेन्स एका कुशीला, तर दुसरा कॅमेरा दुसऱ्या कुशीला, म्हणजे तोल राहतो. पाऊच पट्ट्यावर सरकतात. गर्दीत शिरताना ते पुढे घ्यायचे, नाही तर कोणाचा तरी हात आत जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक पाऊच कायम रिकामा. काढलेली लेन्स आधी त्यात जाते, मगच दुसरी बाहेर येते. रिकामा पाऊच नसला की दोन हातांत तीन वस्तू होतात आणि एखादी दगडावर आपटते. प्रत्येक पाऊचला पावसाची टोपी होती. तरी आपल्या पावसाचा अंदाज परदेशी माणसाला कुठून येणार? पहिल्याच वर्षी मी ताडपत्री शिवणाऱ्या कारागिराकडून वर जाड झाकणं शिवून घेतली. तीच अजून चालतात.

गैरसोयी आहेतच. रिक्षात बसता येत नाही, एसटीत दोन माणसांची जागा लागते, चहाच्या टपरीवर वळलं की कोणाचा तरी कप सांडतो. बंदोबस्तातला हवालदार आधी कमरेकडे बघतो, मग तोंडाकडे. माझी मानही काही बरी झाली नाही; मुंग्या कमी झाल्या इतकंच. आणि ज्यांची मूळची कंबर दुखते, त्यांनी माझ्या भरवशावर पट्टा घेऊ नये.

पण २०१२च्या वारीत मी पट्टा बांधून पुण्याहून सासवडला चालत गेलो. तीसेक किलोमीटर, त्यात दिवे घाट. घाटात शेजारून डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक आजी चालत होती. बराच वेळ माझ्या कमरेकडे पाहून तिने विचारलं, ‘‘माऊली, एवढं काय बांधलंय?’’ म्हटलं, ‘‘फोटोचं सामान, आजी.’’ ‘‘वझं लई हाय?’’ ‘‘आहे, पण आता खांद्याला नाही.’’ ती हसली. एका हाताने वृंदावन सावरत दुसऱ्या हाताने तिने कडोसरीचा राजगिऱ्याचा लाडू काढून माझ्यापुढे धरला. माझ्या हातात कॅमेरा. पटकन लाडू रिकाम्या पाऊचात टाकला आणि वळणावरच्या दिंडीकडे धावलो.

घाटमाथ्यावर सवयीने लेन्स काढली आणि रिकाम्या पाऊचात सरकवली. सासवडच्या मुक्कामी रात्री कंदिलाच्या उजेडात मी आणि एक तरुण सहकारी टाचणीने लेन्सच्या कडेतून राजगिरा काढत बसलो होतो.