ल्युकेमियाला गाठ नसते

रक्ताच्या कॅन्सरचं निदान झालं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा स्टेजचा असतो. स्तनाच्या किंवा तोंडाच्या कॅन्सरमध्ये तो रास्तच आहे. तिथे गाठ एका जागी सुरू होते. ती केवढी झाली, जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत पोचली की आणखी दूर, यावरून स्टेज ठरते. ल्युकेमिया सुरू होतो बोन मॅरोत, म्हणजे हाडांच्या पोकळीतल्या ज्या मऊ भागात रक्त तयार होतं तिथे, आणि निदान होईपर्यंत त्याच्या पेशी रक्तासोबत शरीरभर पोचलेल्या असतात. म्हणून तीव्र ल्युकेमियाला पहिली ते चौथी अशी स्टेज लावतच नाहीत. ‘शरीरभर आहे’ हे ऐकून ‘म्हणजे शेवटची स्टेज’ असा अर्थ काढणं साफ चुकीचं आहे. या आजाराविषयीचे बरेचसे गैरसमज, माझ्या मते, एकाच मुळातून येतात: गाठीच्या कॅन्सरचं चित्र डोळ्यांपुढे ठेवून आपण ल्युकेमियाकडे पाहतो.

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही भीती त्यातलीच. गाठीच्या बाबतीतही ती बहुतांशी अनाठायी आहे. इथे तर तिला काही आधारच नाही, कारण न पसरलेला असा भाग उरलेलाच नसतो. बोन मॅरोचा नमुना कमरेच्या मागच्या हाडातून, जागा बधिर करून घेतात. कण्यातून पाणी काढणं ही वेगळी तपासणी. तीही मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली करतात, त्यामुळे ‘पाय लुळे पडतील’ या धास्तीने नकार देणं रुग्णाला महागात पडू शकतं. शिरेतून दिलेली बरीच औषधं मेंदूभोवतीच्या पाण्यात पुरेशी पोचत नाहीत आणि आजाराच्या पेशी तिथे दडून राहू शकतात, म्हणून काही औषध याच वाटेने द्यावं लागतं.

ल्युकेमियात महत्त्व असतं ते प्रकाराला. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. ते बदललेलं गुणसूत्र १९६० मध्ये फिलाडेल्फियात सापडलं, १९७३ मध्ये जॅनेट राऊली यांनी त्यामागची अदलाबदल ओळखली आणि २००१ मध्ये नेमका त्याच दोषावर काम करणाऱ्या इमॅटिनिबला अमेरिकेत मंजुरी मिळाली. आज या प्रकाराचे बहुसंख्य रुग्ण रोजच्या गोळीवर कामधंदा सांभाळून जवळपास सामान्य आयुष्य जगतात. याउलट अ‍ॅक्युट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया रक्तस्रावाने पहिल्या काही दिवसांतच जीव घेऊ शकतो. इतका, की नुसत्या संशयावरही डॉक्टर ट्रेटिनॉइन सुरू करतात. अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं हे औषध १९८० च्या दशकात शांघायमध्ये वांग झेनयी यांनी या आजारावर वापरलं. पुढे त्याला आर्सेनिक ट्रायऑक्साइडची जोड मिळाली. सुरुवातीचे दिवस निभावले, तर कमी धोक्याच्या गटातले ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण नेहमीच्या केमोथेरपीशिवाय बरे होतात. लहान मुलांच्या अ‍ॅक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात श्रीमंत देशांत दहापैकी सुमारे नऊ मुलं वाचतात. सत्तरीतल्या माणसाला झालेला अ‍ॅक्युट मायलॉइड मात्र अजूनही कठीण आजार आहे, हेही सांगायलाच हवं. तेव्हा ‘अमक्याला ब्लड कॅन्सर झाला होता, तो वाचला नाही’ यावरून आपल्या रुग्णाबद्दल काहीच ठरत नाही.

यावर एक तक्रार ऐकू येते: मग तपासण्यांत इतके दिवस का घालवतात? प्रकार समजल्याशिवाय औषध ठरत नाही, हे एक उत्तर. दुसरं असं, की त्या दिवसांत सलाईन, प्लेटलेट, युरिक अ‍ॅसिड आटोक्यात ठेवणारी औषधं आणि ताप असेल तर अँटिबायोटिक चालू असतात. ही वाट पाहणं नसून उपचारच आहे. खरा वेळ वाया जातो तो रुग्णालयात येण्याआधी. ताप, हिरड्यांतून रक्त, कमी प्लेटलेट एवढं दिसलं की डेंगी समजून पपईच्या पानांचा रस सुरू होतो. ल्युकेमियात प्लेटलेट कमी असतात त्या तयार होण्याची जागाच आजाराने व्यापल्यामुळे. तिथे हा रस काही करू शकत नाही. त्याहून घातक म्हणजे निदानाआधी दिलेली स्टेरॉइडची गोळी. काही प्रकारांत ती आजार तात्पुरता दाबते, रुग्णाला बरं वाटतं आणि नंतरची तपासणी फसवी ठरते.

सर्वांत गंभीर आक्षेप हा: ‘चालत अ‍ॅडमिट झाला, केमोने खंगला.’ हा अनुभव अनेक घरांचा आहे आणि तो खोटा नाही. गाठ कापून काढता येते. मॅरो काढता येत नाही, तो औषधांनी रिकामा करावा लागतो, म्हणजे त्यात निरोगी पेशी पुन्हा वाढतात. मधले दोन-तीन आठवडे पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट जवळजवळ शून्यावर येतात. लाल पेशी सुमारे १२० दिवस टिकते, प्लेटलेट मात्र आठ-दहा दिवसच, म्हणून प्लेटलेट पुनःपुन्हा द्याव्या लागतात. या काळात जंतुसंसर्गाने काही रुग्ण दगावतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पण उपचाराविना बहुतेक तीव्र ल्युकेमिया काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मृत्यूकडे नेतो, आणि तेही याच संसर्गाने व रक्तस्रावाने. तुलना करायची तर त्याच्याशी करावी. धोका कमी करणं घरच्यांच्याही हातात असतं: ताप १०१ च्या आसपास गेला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळ होण्याची वाट न पाहता लगेच रुग्णालयात पोचायचं, कारण अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावं लागतं.

मग रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो, आणि गाठीचं चित्र पुन्हा दगा देतं: गेली म्हणजे गेली. निदानाच्या वेळी शरीरात ल्युकेमियाच्या सुमारे एक लाख कोटी पेशी असतात. सूक्ष्मदर्शकाला त्या दिसेनाशा झाल्या, तरी हजार कोटीपर्यंत उरलेल्या असू शकतात. सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये एकाच औषधाने मुलांमधला ल्युकेमिया प्रथमच मागे हटवला, पण काही महिन्यांत तो परतला. आज तो परतू नये म्हणून लिम्फोब्लास्टिक प्रकारात दोन ते तीन वर्षं औषधं चालतात. ती मध्येच सुटतात ती बहुधा पैशांपायी आणि रुग्णालयाच्या फेऱ्यांपायी, आणि ही अडचण खरी आहे. म्हणून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं, राहण्याची सोय, प्लेटलेट देणाऱ्यांची यादी याविषयी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाशी अ‍ॅडमिट होतानाच बोलावं. पैसे संपल्यानंतर नव्हे.