आधी रबर, मग वॅट

जुन्या बोलेरोचा मालक गॅरेजात येतो तेव्हा त्याच्या तक्रारी दोनच असतात. गाडी फार आपटते, आणि गाणी धड ऐकू येत नाहीत. दोन्हींवरचा उपायही त्यानं मोबाइलवर पाहून ठेवलेला असतो: लालभडक शॉकअप आणि ‘१००० वॅट’ असं ठळक छापलेला अ‍ॅम्प्लिफायर. नागपूरच्या लकडगंजात मी आमची २००८ची बोलेरो ज्या मिस्तरींकडे नेली, ते हे सगळं शांतपणे ऐकून घेतात. मग “पहिले आवाज कुठून येऊन राहिला ते पाहू ना भाऊ” म्हणतात आणि पुठ्ठा अंथरून गाडीखाली सरकतात.

सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर डिसेंबर २०२२पासून डोक्यावरून मेट्रो धावते. टेलिफोन एक्सचेंज स्टेशनच्या खालून आत वळलं की लाकडाच्या टाली, आरामशिनी, प्लायवूडचे गाळे आणि मध्येमध्ये गॅरेजं, वेल्डिंगवाले, टायरवाले असा पसारा सुरू होतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानाचा हा जुना बाजार. मिस्तरींनी जॅक लावून गाडी उचलली आणि चासीखाली जे ठोकळे सरकवले, तेही बाजूच्या टालीतले.

या पिढीच्या गाड्या स्वस्तात सुधारता येतात, कारण त्यांची बांधणीच तशी आहे. १९९४ची सुमो (टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नावातली पहिली अक्षरं घेऊन तिचं बारसं झालं), २०००ची बोलेरो, २००२ची स्कॉर्पिओ, या सगळ्या शिडीसारख्या चासीवर बॉडी बसवलेल्या गाड्या. बोलेरोच्या मागच्या चाकांवर अजून पाटेच आहेत, बैलगाडीच्या काळापासून चालत आलेली कमान. आमच्या गाडीत पुढे कॉइल स्प्रिंग आहे. सगळं नट-बोल्टनं उघडतं, सगळ्याचे सुटे भाग मिळतात आणि काय बिघडलंय ते डोळ्यांना दिसतं. आजकालच्या गाड्यांचं तसं नाही, तिथे आधी स्कॅनर जोडावा लागतो.

मिस्तरींची तपासणी मात्र पाहण्यासारखी होती. आधी त्यांनी टेप काढून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजली. डावी-उजवी सारखी भरली, म्हणजे पाटे बसलेले नाहीत. मग हेल्परला मागच्या पायरीवर उभं करून दोन उड्या मारायला लावल्या. गाडी एकदा खाली जाऊन वर येऊन थांबायला हवी. आमची तीन-चार वेळा हलली. मग टॉमी घेऊन ते पाट्याच्या डोळ्याशी गेले, म्हणजे पाटा जिथे गोल वळवून पिनेत अडकवतात तिथे. टॉमी घालून जरा उचकटलं तर पिन आत चांगली बोटाच्या पेराइतकी हलली. त्या जागी रबराचा बुश असतो. आमच्या गाडीत तो होता, असं फक्त म्हणायचं. बोटानं चोळला तर काळी भुकटी पडली.

“हा घ्या तुमचा आवाज,” मिस्तरी म्हणाले.

नागपुरात २०१३च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. एवढं ऊन नसलं तरी चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश इथे दर वर्षीचेच, आणि गाडी उघड्यावर उभी. रबर वाळतं, तडकतं, मग लोखंड लोखंडाला लागतं. गाडी ‘आपटते’ असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा ती आपटत नसते, तिचे सांधे वाजत असतात. नवे महागडे शॉकअप घातले तरी हा आवाज जात नाही, कारण तो शॉकअपचा नसतोच. शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्यांचे) बुश, पाट्याच्या डोळ्यांचे बुश, पुढच्या आर्मचे बुश, स्टॅबिलायझर लिंकची रबरं, हे सगळं मिळून जे बिल होतं ते ऐकून मालकाला वाटतं की मिस्तरी काहीतरी विसरले. इतकं ते कमी असतं. म्हणूनच त्याची कोणी जाहिरात करत नाही.

शॉकअपही गेलेले होते, दोन तर उघडच. कोरडा, धुळीनं माखलेला शॉकअप बहुधा जिवंत असतो. ज्याच्या अंगावर तेल पाझरून चिखलाचा थर बसलेला असतो, तो संपलेला. खड्ड्याचा धक्का झेलतात ते पाटे आणि कॉइल. शॉकअपचं काम त्यानंतर सुरू होतं. दाबलेली स्प्रिंग उसळून पुन्हापुन्हा हलत राहू नये म्हणून तो आतलं तेल बारीक झडपांतून ढकलतो आणि त्या हालचालीची उष्णता करून टाकतो. झडपा झिजल्या किंवा तेल गेलं की गाडी डोलते. नागपूरच्या सिमेंट रस्त्यांवर हे लगेच कळतं. तिथले सांधे ठरावीक अंतरानं येतात आणि मेलेल्या शॉकअपची गाडी त्यांच्या तालावर नाचायला लागते.

आम्ही मूळ मापाचे, साधे गॅसचे शॉकअप घेतले. भारतात हा धंदा जुना आहे. गॅब्रिएल इंडिया १९६१ची, तिचे कारखाने चाकणला आणि नाशिकलाही आहेत, त्यामुळे महाराष्ट्रात हा माल दुर्मीळ नाही. गॅस म्हणजे तेलावर थोड्या दाबाचा नायट्रोजन असतो. खराब रस्त्यावर तेलाचा फेस होऊ नये एवढंच त्याचं काम. बसवण्याआधी मिस्तरींनी प्रत्येक शॉकअप उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण ओढला आणि दाबला. दुकानात आडवा पडून आतल्या नळीत गॅस शिरलेला असतो. तो असा काढला नाही तर नवा शॉकअपही पहिले काही दिवस पोकळ लागतो.

पीयूचे म्हणजे पॉलियुरेथेनचे बुश घालू का, असं मी विचारलं. ते जास्त टिकतात, पण कडक असतात, कुरकुरतात आणि रस्त्याची बारीक कंपनं सरळ आत पाठवतात. “रेसला चालले का तुम्ही?” एवढंच उत्तर आलं. घरच्या गाडीला रबरच बरं.

या कामातलं खरं कसब मला शेवटच्या दहा मिनिटांत दिसलं. नवे बुश बसवून, बोल्ट सगळे हातानं लावून मिस्तरींनी ते कसले नाहीत. आधी ठोकळे काढले, गाडी चाकांवर उतरवली, हेल्परला आत बसवून ती थोडी मागे-पुढे ढकलली, आणि मग खाली शिरून पाना चालवला. रबराचा बुश बोल्टभोवती फिरत नाही, तो पिळला जातो. गाडी हवेत लटकलेली असताना बोल्ट कसला तर बुश त्या लटकत्या स्थितीत पकडला जातो, आणि गाडी खाली आली की कायमचा पिळलेला राहतो. असा बुश काही महिन्यांत फाटतो. तेच भाग, तीच मजुरी, फरक फक्त कधी कसलं याचा. घाईच्या गॅरेजात हे होत नाही, कारण चाकं जमिनीवर असताना खाली शिरून हात चालवणं अडचणीचं असतं.

लिफ्ट किटबद्दलही सांगून टाकतो. लांब शॅकल टाकून गाडी दोन इंच उचलून देणारे बरेच आहेत. उचललेली गाडी रुबाबदार दिसते हे खरं. पण ब्रेकचा होज ताणला जातो, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, हेडलाइटचा रोख बिघडतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नमुन्याहून वेगळा बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती मनाई पक्की केली. पंधरा वर्षं झालेल्या गाडीला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओपुढे उभं राहावंच लागतं. तिथे हे दोन इंच महाग पडतात. तीच गोष्ट जादा पाटा टाकण्याची. माल वाहायचा असेल तर ठीक, घरच्या माणसांना घेऊन रामटेकला जायचं असेल तर तो पाटा पाठीला कळतो.

खडखड थांबल्यावरच स्टिरिओकडे वळावं. आधी वळलात तर आवाज नुसता खडखडीच्या वर चढवत राहाल.

ऑडिओचं काम करणारा तरुण त्याच गल्लीत, दोन गाळे सोडून. त्यानं दाराचं पॅड उतरवलं आणि कंपनीचा स्पीकर काढून माझ्या हातात दिला. कोनाच्या कडेला जी वळी असते ती जागोजाग फाटलेली. गाडीखाली जे रबराचं झालं होतं, तेच इथे. स्पीकरचा कोनही लटकलेलाच असतो, कडेला त्या वळीवर आणि मागे स्पायडर नावाच्या नक्षीदार चकतीवर. वळी सैल पडली की कोन नुसता थरथरतो. वॅट वाढवून फाटलेली वळी शिवली जात नाही.

वॅटचा हिशेबही एकदा कागदावर करून पाहावा. हेड युनिटवर ‘४ × ५० वॅट’ लिहिलेलं असतं. पण त्याला मिळतात गाडीचे चौदा-साडेचौदा व्होल्ट आणि स्पीकर असतो चार ओहमचा. त्यातून एका चॅनेलला स्वच्छ वीसेक वॅट निघतात, त्याहून फार नाही. पन्नास हा आकडा क्षणिक शिखराचा. खरेदी करताना आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे वॅट, विचारायचे, बाकीचे आकडे खोक्याची शोभा. आणि बोलेरोच्या केबिनला वीस वॅट पुष्कळ होतात, जर दार नीट असेल तर.

ते ‘जर’ महत्त्वाचं. दार म्हणजे पातळ पत्र्याचा डबा, आतल्या बाजूला मोठमोठी भोकं. स्पीकरच्या पुढून निघालेला आवाज आणि मागून निघालेला आवाज एकमेकांच्या उलट असतात. भोकांतून मागचा आवाज पुढे आला की दोघं एकमेकांना खातात, आणि पहिला बळी जातो तो ढोलकी-तबल्यातल्या बायाचा, म्हणजे खर्जाच्या ठोक्याचा. त्या तरुणानं बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटिलची डॅम्पिंग शीट रोलरनं दाबून चिकटवली आणि आतली भोकं बंद केली, खाली पाणी निघायची छिद्रं तेवढी मोकळी ठेवून. दार लावल्यावर ‘खण्ण’ऐवजी ‘धप्प’ असा आवाज आला. यात एक फसवणूक चालते. ब्युटिलऐवजी छताला लावायची डांबराची शीट चिकटवतात. हिवाळ्यात कळत नाही. मे महिन्यात ती मऊ होऊन ओघळते आणि गाडीत डांबराचा वास सुटतो. शीट हातात घेऊन वास घ्या, तिथेच समजतं.

नवे साडेसहा इंची स्पीकर हेड युनिटला जोडण्याआधी त्यानं भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल काढला आणि वायरींना क्षणभर टेकवला. कोन बाहेर सरकला. म्हणजे ही प्लसची वायर. दुसऱ्या दारात उलटी निघाली, कोणीतरी कधीकाळी तशी जोडलेली. एक स्पीकर बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो, अशा स्थितीत आम्ही कितीतरी वर्षं गाणी ऐकत होतो. हे दुरुस्त करायला फक्त दोन वायरींची अदलाबदल लागली.

लाकडाचा खरा उपयोग शेवटी आला. बाया हवाच असेल तर सबवूफर लागतो, आणि सबवूफरला पेटी. बंद पेटी बारा इंची स्पीकरसाठी साधारण एक घनफुटाची लागते. सागवानाचे भाव घनफुटात बोलणाऱ्या बाजारात ही मागणी कोणाला विचित्र वाटत नाही. तयार पेट्या बहुतेक एमडीएफच्या असतात. आवाजाला एमडीएफ उत्तम, पण बोलेरोच्या मागच्या दारातून पावसात पाणी येतं, आणि भिजलेला एमडीएफ फुगून सुटतो. आम्ही १८ मिलिमीटरचं मरीन प्लाय, आयएस ७१०चा शिक्का पाहून घेतलं. गाळ्यातच मापानं कापून मिळालं. सांध्यांना गोंद, वरून स्क्रू, आतून सिलिकॉन, आणि पेटी चासीला पट्टीनं घट्ट बांधलेली. मोकळी पेटी अपघातात माणसांच्या डोक्यावर येते. अ‍ॅम्प्लिफायरची तार बॅटरीपासून निघते तिथेच, वीतभर-दोन वितींच्या आत, फ्यूज हवा. हा फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसतो, तारेला आग लागू नये म्हणून असतो. कोणी तो मागे अ‍ॅम्प्लिफायरशेजारी लावत असेल, तर काम तिथेच थांबवा.

सगळं मिळून खर्च एका बऱ्या मोबाइलच्या आसपास झाला. त्यात सबवूफर आणि त्याचा अ‍ॅम्प्लिफायर वगळला तर निम्म्यावर येतो, आणि माझं मत विचाराल तर तो वगळावाच. बुश, शॉकअप, दारांची शीट आणि दोन जोडी साधे स्पीकर, एवढ्यात जुनी गाडी पुन्हा कामाची होते. हे करून घेणार असाल तर काढलेले जुने भाग मागून घ्या, आणि पाट्यांचे यू-बोल्ट चारपाचशे किलोमीटर झाल्यावर परत एकदा कसून घ्या. नवे पडतातच सैल, आणि दहा मिनिटांच्या त्या कामाचे पैसे चांगला मिस्तरी घेत नाही.