बटई, ठोका आणि टॅक्सी

आमच्या वाशीम जिल्ह्यात शेत दुसऱ्याला कसायला देण्याच्या दोन जुन्या रीती आहेत : बटई आणि ठोका. बटईत पीक बुडाले, तर मालकाचाही वाटा बुडतो. ठोक्यात ठरलेली रक्कम मोजावीच लागते. सोयाबीन पिको वा न पिको.

मालेगाव-रिसोडकडची काही पोरे आज पुण्यात ओला-उबरसाठी गाड्या चालवतात. ह्या कंपन्या चालकाला नोकर नव्हे, भागीदार म्हणत आल्या. प्रत्येक भाड्यातून कमिशन कापले जाई, म्हणजे ती एक प्रकारची बटईच. २०२५ साली ओलाने कमिशन सोडून रोजचे ठरावीक शुल्क आणले. मग भाडी कमी मिळोत वा जास्त. हा झाला ठोका. चांगल्या दिवशी त्यात चालकाचा फायदा आहे, हे खरे. प्रश्न वाईट दिवसाचा आहे.

बँकेत असताना मी पीककर्जाची पुष्कळ प्रकरणे पाहिली. पैसेवारी ५०च्या आत आली, दुष्काळ जाहीर झाला, की कर्जाचे पुनर्गठन करता येई. गाडीच्या कर्जाला पैसेवारी नसते. हप्त्याची तारीख चुकली की दंड, आणि जामीनदार बहुधा गावाकडचा बाप!

असाच एक ओळखीचा पोरगा दिवाळीला आला होता. म्हणाला, "काका, गाडी माही, गॅस माहा, हप्ता माहा. भाडं तेवढं मोबाइल ठरोते." मला त्याच्या बापाची आठवण झाली. तोही बियाणे, खत, मजुरी स्वतः घालतो, आणि भाव मात्र बाजार समितीत दुसरेच कोणी पुकारते. ज्या दुखण्याला कंटाळून मुलाने गाव सोडले, तेच त्याच्यापाठोपाठ शहरात गेले.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली हेच हेरले. भाडे आणि अटी कंपनी ठरवते, तेव्हा चालक हा कामगारच, असा निकाल उबरविरुद्ध दिला. किमान वेतन आणि पगारी रजेचा हक्क त्यातून आला. आपल्याकडे २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची प्रथमच दखल घेतली. ती २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झाली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षा निधीत भरायची आहे. अपघात, आजारपण, म्हातारपण यांसाठी ती सोय मोलाची आहे. पण दिवसाकाठी किमान किती सुटले पाहिजे, याबद्दल संहिता गप्प आहे.

शेतमालाला निदान हमीभाव जाहीर तरी होतो. किलोमीटरचा हमीभाव, चालकाचा खर्च आणि हप्ता धरून, का ठरू नये? तो ठरला तर आपले भाडे चार रुपयांनी वाढेल. ते देण्याची आपली तयारी आहे का, हेही घराघरांत एकदा बोलले गेले पाहिजे.