मुखवट्याखालचे शेपूट : ‘माउस’मधील देहबोली

चित्रकथेतली भावना म्हटली की आपण आधी चेहऱ्याकडे पाहतो. उंचावलेल्या भुवया, वासलेले तोंड, टपटपणारे अश्रू. आर्ट स्पिगेलमन यांच्या ‘माउस’ने वाचकाचा हा आधारच काढून घेतला आहे. त्यांचे वडील व्लाडेक हे ऑश्विट्झमधून वाचलेले पोलिश ज्यू. त्यांची हकीकत १९८६ आणि १९९१ अशा दोन खंडांत पुस्तकरूपाने आली आणि १९९२ मध्ये तिला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. यात ज्यू उंदीर आहेत, जर्मन मांजरे आणि पोलिश डुकरे. उंदराचा चेहरा म्हणजे निमुळते मुस्कट आणि डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. मग एवढे दुःख या पुस्तकात येते कुठून? माझ्या मते ते देहातून येते, आणि ते उलगडायला आपले नाट्यशास्त्र उपयोगी पडते.

भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. चित्रकथेत फुग्यातला मजकूर हा वाचिक, तर वेष आणि मुखवटा हे आहार्य. पहिल्या खंडात व्लाडेक आणि त्यांची पत्नी आन्या पोलिश असल्याची बतावणी करत रस्त्याने जातात. दोघांनी डुकराचे मुखवटे बांधले आहेत. व्लाडेक त्यात खपून जातात. आन्याच्या कोटाखालून मात्र लांब शेपूट बाहेर आले आहे. मुखवटा एक सांगतो, अंग दुसरेच. पकडले जाण्याची भीती त्या शेपटातच आहे.

आंगिकाचे दुसरे उदाहरण आरंभीचे. म्हातारे व्लाडेक व्यायामाच्या सायकलवर बसून मुलाशी बोलत आहेत. हँडल धरलेल्या हातावर छावणीत गोंदलेला क्रमांक दिसतो. बोलण्यात त्याचा विषयही नाही. पाय चालत राहतात, सायकल जागची हलत नाही. भूतकाळात अडकलेल्या माणसाचे याहून नेमके चित्र मला सुचत नाही.

सात्त्विक भाव चित्रात आणणे सर्वांत अवघड. कंप, रोमांच, स्वरभेद या गोष्टी रंगमंचावर घडतात. छापील चौकट तर स्थिर. दुसऱ्या खंडात स्पिगेलमन यांनी यावर तोड काढली आहे. पुस्तक गाजल्यावर लेखक उंदराचा मुखवटा चढवून टेबलाशी बसला आहे, खाली प्रेतांचा ढीग. पत्रकार आणि धंदेवाले प्रश्न विचारत जातात, तसतसा तो आकसत लहान मुलाएवढा होतो. मानसोपचारतज्ज्ञाशी बोलून बाहेर पडताना पुन्हा वाढतो. घरी वडिलांचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकताच परत आकसतो. रंगमंचावर कंप जे काम करतो, ते इथे देहाचे माप करते.

हा संयम कलावंताची मर्यादा नव्हे, निवड आहे. पुरावा पुस्तकातच आहे. आईच्या आत्महत्येवरची त्यांची जुनी चित्रकथा, ‘प्रिझनर ऑन द हेल प्लॅनेट’, त्यांनी पहिल्या खंडात जशीच्या तशी घातली आहे. तिच्यात माणसांचे चेहरे आहेत : पिळवटलेले, घामेजलेले, आक्रोश करणारे. तिथे दुःख आपल्यावर कोसळते आणि आपण प्रेक्षक उरतो. उंदरांच्या पानांवर मात्र वाकलेली पाठ, लोंबणारे शेपूट, आखडलेले खांदे पाहून ते आपल्याला ओळखावे लागते. लक्षावधींच्या मृत्यूची गोष्ट सांगताना अश्रूंचे प्रदर्शन टाळायचे, तर ही ओळखण्याची मेहनत वाचकावर सोपवणेच योग्य होते, असे मला वाटते.