आजचा प्रश्न, थेट प्रक्षेपणात
मराठी वृत्तवाहिन्यांवरील चर्चेचे कार्यक्रम

मराठी वृत्तवाहिनीवरचा थेट चर्चेचा कार्यक्रम दिवसातल्या एका बातमीतून एक प्रश्न उभा करतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना समोरासमोर आणतो. पॅनेलवर पक्षांचे प्रवक्ते, वकील, पत्रकार, कार्यकर्ते आणि विषयाचे जाणकार असतात. आज आरक्षण, उद्या कांद्याचा भाव, परवा देवळातला प्रवेश, असे विषय रोज बदलतात. कार्यक्रम अर्धा ते एक तासाचा असला, तरी जाहिराती वजा जाता पाहुण्याच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे येतात.

व्याख्यानमालेपासून स्टुडिओपर्यंत

जाहीर वैचारिक चर्चा महाराष्ट्राला नवी नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात 1875 मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आजही चालते. मात्र तिथे एक वक्ता बोलतो आणि श्रोते ऐकतात. 2 ऑक्टोबर 1972 रोजी दूरदर्शनचे मुंबई केंद्र सुरू झाले आणि मराठी चर्चा पडद्यावर आली. पुढे सह्याद्री वाहिनीच्या ‘हॅलो सखी’सारख्या कार्यक्रमांनी प्रेक्षकांचा फोनही थेट स्टुडिओत घेतला.

2007 मध्ये ‘झी 24 तास’ आणि ‘स्टार माझा’, तर 2008 मध्ये ‘आयबीएन लोकमत’ या वाहिन्या सुरू झाल्या आणि चर्चा रोजची झाली. ‘आयबीएन लोकमत’वरील पत्रकार निखिल वागळे यांच्या ‘आजचा सवाल’ने दिवसाला एक प्रश्न हा साचा घरोघरी पोहोचवला. 2012 मध्ये ‘स्टार माझा’चे ‘एबीपी माझा’ झाले. त्या वाहिनीचा ‘माझा विशेष’ आणि ‘झी 24 तास’चा ‘रोखठोक’ हेही याच वळणाचे कार्यक्रम. थेट विचारलेले प्रश्न सर्वांनाच रुचले नाहीत. 20 नोव्हेंबर 2009 रोजी शिवसैनिकांनी ‘आयबीएन लोकमत’च्या मुंबई व पुण्यातील कार्यालयांवर हल्ला केला.

प्रश्न कसा विचारला जातो

चर्चेचा दर्जा बहुतेक वेळा प्रश्नाच्या शब्दांतच ठरतो. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळावा का, हा 2016 मधला वाद याचे चांगले उदाहरण आहे. ‘परंपरा की समानता?’ असा प्रश्न ठेवला, तर दोन्ही बाजू आपापली श्रद्धा आणि तत्त्वे मांडतात आणि तासाभराने जिथल्या तिथे राहतात. पण सार्वजनिक पूजास्थानांतील प्रवेशाचा हक्क देणारा राज्याचा कायदा 1956 पासून अस्तित्वात होता. ‘हा कायदा असताना प्रवेश कोण अडवू शकतो?’ असे विचारले, की देवस्थानाला नियम, सरकारला अंमलबजावणी आणि वकिलाला कलम सांगावे लागते. मुंबई उच्च न्यायालयातील सुनावणीही याच कायद्याभोवती फिरली आणि 8 एप्रिल 2016 रोजी, गुढीपाडव्याला, चौथरा स्त्रियांसाठी खुला झाला. नेमका प्रश्न माहिती बाहेर काढतो. ढोबळ प्रश्न नुसता आवाज वाढवतो.

पडद्यामागे

विषय साधारणतः सकाळच्या बैठकीत सुचतो, पण संध्याकाळी मोठी बातमी आली तर तो ऐनवेळी बदलतो. पाहुणे जमवणारी मंडळी फोनला चिकटलेली असतात. संशोधन करणारे अँकरसाठी टिपण तयार करतात. त्यात घटनाक्रम, कायद्याची कलमे आणि नेत्यांची जुनी वक्तव्ये असतात. एखादा प्रवक्ता आधीची भूमिका नाकारू लागला, की हेच टिपण कामी येते.

कार्यक्रम सुरू झाला की सूत्रे पीसीआरमध्ये, म्हणजे नियंत्रण कक्षात असतात. पुढ्यातल्या पडद्यांवर प्रत्येक पाहुणा वेगळा दिसतो. निर्माता अँकरच्या कानात सतत बोलत असतो: ब्रेकला किती सेकंद उरले, कोणाला अजून संधी मिळाली नाही, कुठला आवाज तुटतोय. अँकर तोंडाने प्रश्न विचारतो आणि त्याच वेळी कानाने सूचना घेतो.

नांदेड किंवा गडचिरोलीहून ओबी व्हॅनमार्फत, म्हणजे उपग्रहाद्वारे थेट प्रक्षेपण करणाऱ्या गाडीमार्फत जोडलेल्या पाहुण्याची अडचण वेगळी असते. दळणवळण उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असतो. तिथवर जाऊन परत यायला संदेशाला जवळपास पाव सेकंद लागतो, आणि चित्र-ध्वनीवरच्या प्रक्रियेने हा उशीर आणखी वाढतो. प्रश्न त्याच्या कानी पडेपर्यंत मुंबईच्या स्टुडिओतला कोणीतरी बोलायला लागलेला असतो. त्यामुळे ज्याच्या गावचा विषय, त्याचेच बोलणे सर्वांत कमी ऐकू येते. चांगला अँकर इतरांना थांबवून त्याचे वाक्य पुरे होऊ देतो.

आकडे आणि नियम

चर्चेचे गणित आर्थिकही आहे. बातमीदार आणि कॅमेरा गावोगावी पाठवण्यापेक्षा पाहुण्यांना बोलावणे स्वस्त पडते. जाहिरातींचे दर प्रेक्षकसंख्येवर ठरतात. ती मोजणाऱ्या ‘बार्क’ने ऑक्टोबर 2020 मध्ये वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवले आणि मार्च 2022 मध्ये चार आठवड्यांच्या सरासरीवर ते पुन्हा सुरू केले. एका संध्याकाळच्या गोंगाटाचे मोल त्यामुळे थोडे घटले, पण स्पर्धा कायम आहे.

नियमनासाठी वाहिन्यांनी 2008 मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंनियमनाची व्यवस्था उभारली. सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने द्वेषमूलक भाषणांच्या सुनावणीत अँकरच्या जबाबदारीवर बोट ठेवले: कोणी मर्यादा ओलांडली, तर त्याला तिथेच रोखणे हे अँकरचे काम आहे.

प्रेक्षकाच्याही हाती काही आहे. 2021 मध्ये केबल टेलिव्हिजन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार कार्यक्रमाबद्दलची तक्रार आधी वाहिनीकडे करायची असते. वाहिनीने 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झाले नाही, तर स्वयंनियमन संस्थेकडे आणि शेवटी केंद्र सरकारच्या यंत्रणेकडे दाद मागता येते.

थेट चर्चा हे लोकशाहीचे मोलाचे साधन आहे, कारण सत्तेतल्या माणसाला तयारीविना, सर्वांदेखत उत्तर द्यावे लागते. ते टिकवायचे, तर प्रेक्षकाने माहिती देणारी चर्चा पाहावी, नुसती भांडणे दाखवणारी चर्चा बंद करावी, आणि कार्यक्रमाने मर्यादा सोडली तर लेखी तक्रार जरूर करावी.