'माइंड' आणि फ्रेंच माणसाची अडचण

आज आपण 'माइंड' हा साधा इंग्रजी शब्द घेऊ. फ्रेंच माणसाला तो दर वेळी वेगळाच भेटतो. 'चेंज युवर माइंड' म्हटलं की तो 'आव्ही', म्हणजे मत, बदलतो. 'माइंड द स्टेप' म्हणजे पायरी सांभाळा. 'डू यू माइंड?' म्हणजे तुम्हाला त्रास तर नाही ना? तत्त्वज्ञानात मात्र तो 'एस्प्री' म्हणतो. आणि एस्प्री म्हणजे मन, हजरजबाबीपणा, शिवाय भूतसुद्धा!

१९४९ मध्ये गिल्बर्ट राइल यांनी 'द कन्सेप्ट ऑफ माइंड'मध्ये, देहाच्या यंत्रात मन नावाचं भूत बसलंय, या कल्पनेची थट्टा केली. फ्रेंचमध्ये ते भूत शब्दातच बसलेलं. म्हणून भाषांतर वाचताना आपण आधी विचारावं: हा पेच विचाराचा, की शब्दाचा?