साखरपुडा झाला, मुहूर्त निघेना!

लग्न जमणे आणि लग्न लागणे यांत जेवढे अंतर असते, तेवढेच अंतर हल्ली नोकरी मिळणे आणि नोकरीवर रुजू होणे यांत पडू लागले आहे. मुलाची निवड होते, कंपनीचे पत्र येते, घरोघर पेढे जातात, गावच्या चौकात अभिनंदनाचा फलक झळकतो. आणि मग सुरू होते ते वाट पाहणे. महिना जातो, पावसाळा जातो, दिवाळीही निघून जाते. कंपनी 'नाही' म्हणत नाही आणि 'या' असेही म्हणत नाही. दुसरीकडे बघावे, तर शब्द दिलेला. थांबावे, तर किती दिवस?

गेली वीस वर्षे मी जुन्नर-आंबेगावच्या मुलांना मराठी शिकवीत आहे. भाषेच्या प्राध्यापकाचा आणि संगणक-कंपन्यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध एवढाच की, कंपनीचे इंग्रजी पत्र घेऊन आमच्या भागातले आईबाप माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "सर, यात नेमकं काय लिवलंय, ते मराठीत सांगा."

असेच एकदा घोडनदीकाठच्या एका गावचे शेतकरी आले. त्यांची मुलगी अभियंता झालेली. शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढलेले. हाती एका मोठ्या कंपनीचे निवडीचे पत्र होते, आणि त्याला आठ महिने होऊन गेले होते. पत्रात पगार होता, पदाचे नाव होते, अटी तर दोन पाने भरून होत्या. तारीख मात्र नव्हती. 'व्यवसायाच्या गरजेनुसार रुजू होण्याची तारीख कळविण्यात येईल,' अशा अर्थाचे एक वाक्य तेवढे होते.

"पोरीला नोकरी लागली का न्हाई, एवढंच सांगा," ते म्हणाले.

"लागली आहे, पण सुरू झालेली नाही," मी सांगितले.

क्षणभर विचार करून ते म्हणाले, "म्हंजी आवर्तन मंजूर झालं, पण कालव्याला पाणी सुटलं न्हाई!"

त्या कोरड्या इंग्रजी पत्राचे इतके नेमके भाषांतर मला तरी साधले नसते.

पाणी अडते कोठे?

या दुखण्याचे मूळ दूर देशी आहे. आपल्या संगणक-कंपन्यांची बरीचशी कामे अमेरिकेतील आणि युरोपातील बँका, विमा कंपन्या व कारखाने यांच्याकडून येतात. २०२०-२१ च्या साथीच्या काळात सगळ्या जगाचा व्यवहार संगणकावर गेला, कामे भराभर वाढली, आणि कंपन्यांनी महाविद्यालयांत जाऊन हजारोंनी मुले निवडली. ही निवड मुले शेवटच्या वर्षाला असतानाच, म्हणजे प्रत्यक्ष गरजेच्या पुष्कळ आधी, केवळ अंदाजाने होते. मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजाचे दर चढवायला सुरुवात केली. जवळजवळ शून्यावर असलेला दर जुलै २०२३ मध्ये सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला. पैसा महागताच तिकडच्या गिऱ्हाइकांनी खर्चाला हात आखडता घेतला. न्यूयॉर्कमध्ये खर्चाचा एक कागद बाजूला ठेवला गेला आणि त्याची झळ मंचरच्या एका घराला लागली!

अशा वेळी कंपनीपुढे दोन मार्ग असतात. दिलेली निवड रद्द करावी, तर नाव खराब होते. सगळ्यांना घ्यावे, तर काम नसताना पगार द्यावा लागतो. म्हणून ती तिसरा मार्ग काढते: काहीच कळवीत नाही. इन्फोसिस या नामांकित कंपनीने २०२२ मध्ये निवडलेल्या सुमारे दोन हजार मुलांना दोन वर्षे उलटली तरी रुजू करून घेतले नाही, अशी तक्रार पुण्याच्या 'नाइट्स' या संगणक-कर्मचाऱ्यांच्या संघटनेने ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या श्रम मंत्रालयाकडे केली. तारखा बदलल्या, पण ज्यांना पत्र दिले ते सर्व रुजू होतील, असे कंपनीच्या प्रमुखांनी त्या वेळी जाहीर केले. पुढे पुष्कळांना बोलावणे आलेही. पण प्रशिक्षणातील परीक्षा उत्तीर्ण न झाल्यामुळे फेब्रुवारी २०२५ मध्ये तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना म्हैसूरहून परत जावे लागले. त्यांतले कित्येक जण ही दीर्घ प्रतीक्षा करूनच तेथे पोचले होते. विप्रोने फेब्रुवारी २०२३ मध्ये वार्षिक साडेसहा लाखांचे पत्र हाती असलेल्या मुलांना साडेतीन लाखांवर येता का, असे विचारले. म्हणजे मुहूर्त निघाला तो हुंडा अर्ध्यावर आणून!

सरकारी दारही तसेच

"म्हणूनच सरकारी नोकरी बरी," असे म्हणणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी ४ मे २०२० चा राज्याच्या वित्त विभागाचा निर्णय आठवावा. सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण ही खाती सोडून सगळी नवी भरती त्या दिवशी थांबली. त्याच सुमारास राज्यसेवा २०१९ च्या परीक्षेचा निकाल लागून ४१३ उमेदवार निवडले गेले होते. कोणी उपजिल्हाधिकारी, कोणी तहसीलदार! सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, मे २०२१ मध्ये तो कायदाच रद्द ठरवला, आणि या साऱ्या काळात हे भावी अधिकारी घरी बसून राहिले. गावाने मिरवणूक काढलेला तहसीलदार बापाबरोबर शेतात राबत होता.

कायद्याने काही करता येत नाही काय? फारसे नाही. निवड-यादीत नाव आले म्हणजे नेमणुकीचा अबाधित हक्क मिळाला असे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकऱ्यांपुरते १९९१ च्या शंकरसन दाश खटल्यात स्पष्ट केले आहे. मनमानी करून कोणाला डावलता येत नाही, एवढे संरक्षण त्यात आहे. खासगी कंपनीची गोष्ट तर पत्रातल्या शब्दांवर अवलंबून. म्हणून पत्र फ्रेममध्ये लावण्यापूर्वी ते नीट वाचावे!

नारायणगावचा पाडवा

शब्द मिळणे आणि काम मिळणे यांतले अंतर आमच्या भागाला नवे नाही. नारायणगावला तमाशापंढरी म्हणतात. उन्हाळ्यातल्या जत्रांसाठी तमाशाच्या फडांच्या राहुट्या तेथे पडतात, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावचे पुढारी येऊन सुपाऱ्या ठरवतात. २०२० साली पाडवा २५ मार्चला होता, आणि टाळेबंदी सुरू झाली तीही नेमकी त्याच दिवशी! जत्रा बंद, सुपाऱ्या रद्द. पुढच्याही वर्षी तेच. वर्षाची मिळकत जत्रांच्या दोन महिन्यांवर उभी असलेल्या कलावंतांनी काय केले? कोणी खुरपणीला गेले, कोणी भाजी विकली. घुंगरू मात्र कोणी मोडीत काढले नाहीत. बंदी उठली तेव्हा फड पुन्हा उभे राहिले.

आणि कालव्याचे पाणी लांबले म्हणजे कुकडीचा शेतकरी काय करतो? येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे या प्रकल्पात आहेत, आणि त्यांचे पाणी पार करमाळ्यापर्यंत जायचे असते. आवर्तनाची तारीख पुढे गेली की तो समितीला शिव्या घालतो खरा, पण तेवढ्यावर थांबत नाही. विहिरीत जेवढे आहे तेवढ्यावर अर्धा एकर धरतो. सगळे रान पडीक ठेवून कालव्याकडे डोळे लावून बसणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही.

मग करावे काय?

माझ्याकडे पत्र घेऊन येणाऱ्यांना मी जे सांगतो, तेच येथे थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट, फोनवर विचारपूस करू नये, लेखी विचारावे. प्रश्न तीनच: माझी निवड अजून कायम आहे काय? रुजू होण्याचा अंदाजे महिना कोणता? पगारात किंवा ठिकाणात काही बदल आहे काय? महिन्यातून एकदा, सभ्य शब्दांत, चार ओळी. आलेले प्रत्येक उत्तर जपून ठेवावे. उत्तर आले नाही, तर तेही एक उत्तरच समजावे.

दुसरी गोष्ट आधीच नोकरीत असलेल्यांसाठी. नव्या कंपनीची पक्की तारीख हाती पडल्यावाचून जुन्या नोकरीचा राजीनामा देण्याची घाई करू नये. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सहाशेहून अधिक अनुभवी माणसांचे रुजू होणे लांबणीवर टाकल्याची तक्रार 'नाइट्स'ने केली; दिलेला शब्द पाळू, असे कंपनीने सांगितले. पण जुने घर सोडलेल्या माणसाला नव्या घराची किल्ली मिळेपर्यंत पावसात उभे राहावे लागते, ते कोणत्याही आश्वासनाने चुकत नाही.

तिसरी गोष्ट कर्जाची. शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यांना साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षापर्यंत सवलत असते. व्याज मात्र चढतच राहते. तेव्हा हप्ता थकण्याच्या आधी, पत्र घेऊन, बँकेत जावे. आधी येणाऱ्याशी साहेब बोलतो. थकल्यावर येणाऱ्याला नुसती नोटीस मिळते. आणि न आलेल्या पगाराच्या भरवशावर मोटारसायकल घेऊ नये!

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मिळेल ते काम धरावे आणि दुसऱ्या नोकरीचे प्रयत्न निःशंक मनाने चालू ठेवावेत. तारीख न देणाऱ्याने आपल्याला बांधून ठेवलेले नाही. वर सांगितलेल्या त्या मुलीने नारायणगावच्या टोमॅटो बाजारात एका आडत्याकडे हिशेबाचे काम धरले. तो जुलै २०२३ चा हंगाम होता. वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता, आणि दोनच महिन्यांपूर्वी त्याच बाजारात भावाअभावी शेतकऱ्यांवर टोमॅटो फेकून देण्याची पाळी आली होती. तिने आडत्याच्या पट्ट्या संगणकावर आणल्या, आणि रात्री आपला अभ्यास चालू ठेवला. "एवढी शिकून क्रेट मोजते का?" असे नातेवाईक म्हणत. वडील उत्तर देत, "मोजती, पण मोजल्याचे पैसे आणती." पुढे चाकणच्या एका लहानशा कंपनीत, याच पट्ट्यांचे काम दाखवून, तिला नोकरी मिळाली. मोठ्या कंपनीचे बोलावणे आले तेव्हा निवडीला दोन वर्षे होत आली होती. विचार करून तिने नकार कळवला. ते पत्र तिने स्वतःच लिहिले. मला फक्त वाचून दाखवले. त्यात एकही कडवट शब्द नव्हता.

सगळ्यांचेच असे होईल, असे मी म्हणत नाही. तिच्याबरोबर निवडला गेलेला एक मुलगा दीड वर्ष खोलीबाहेर पडत नव्हता. फलक लागला होता ना गावात! त्या फलकासमोरून जाण्याची त्याला लाज वाटे. त्याचे जमलेले स्थळही "आधी रुजू होऊ द्या" म्हणून थांबले. काहीही चूक न करता माणूस स्वतःला गुन्हेगार समजू लागतो, ही या वाट पाहण्यातली खरी विषारी गोष्ट आहे. जेवण तुटले, झोप उडाली, मुलगा बोलेनासा झाला, तर घरच्यांनी 'नखरे' म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरकडे न्यावे. १४४१६ या 'टेली-मानस'च्या क्रमांकावर सरकारतर्फे फुकट सल्ला मिळतो, मराठीतही मिळतो. हा मुलगा सावरला तो त्याच्या चुलत्यामुळे. चुलत्याने त्याला काहीही न विचारता रोज सकाळी दूध घालायला बरोबर नेले, एवढेच.

कंपन्यांनाही एक सांगणे आहे. आम्ही तुमच्याकडे दया मागत नाही, तारीख मागतो. तारीख नसेल तर स्पष्ट नकार द्या. नकाराने मुलगा आठ दिवस रडेल आणि नवव्या दिवशी कामाला लागेल. तुमच्या मौनाने मात्र त्याची उमेदीची दोन वर्षे जातात, आणि ती कोणत्याच पगारपत्रकात भरून मिळत नाहीत.

आणि वाचकहो, या दिवाळीत तुमच्या नात्यात फराळाला जाल तेव्हा असा एखादा मुलगा किंवा मुलगी पुढ्यात चकलीची बशी ठेवील. "काय, रुजू कधी?" असे विचारण्याचा मोह होईल. तो आवरा. त्याचे उत्तर त्या बिचाऱ्याजवळ नाही. ते कोठल्या तरी परमुलखातल्या कचेरीत पडले आहे. त्यापेक्षा, "सध्या काय करतोस?" असे विचारा, आणि तो जे सांगेल ते नीट ऐकून घ्या. जमल्यास त्याला दोन दिवसांचे काम द्या.